हरिकेननंतर किती नोकऱ्या गेल्या, किती धंदे बंद पडले हे मोजायचं कसं: नवख्यांसाठी

इकडे अमेरिकेत मास्टर्सला आलेल्या आपल्या मुलांपैकी दोन-तीन जण तरी दरवर्षी मला विचारतात, की ताई प्रोजेक्टला हरिकेनचा विषय घेतलाय, वादळाने अमुक काउंटीत (म्हणजे साधारण आपला जिल्हा) किती नोकऱ्या गेल्या आणि किती दुकानं बंद झाली ते काढायचंय, डेटा कुठे मिळेल? डेटा ढीगभर आहे आणि बहुतेक फुकट आहे, त्यामुळे मुलं थेट डाउनलोडला बसतात, आणि मग आठ दिवसांनी मेसेज येतो की ताई, एवढं मोठं वादळ येऊन गेलं पण आकड्यात काहीच दिसत नाहीये. मी स्वतः पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझंही हेच झालं होतं, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतेय.

उदाहरण एकच धरू, इयान. २८ सप्टेंबर २०२२ ला दुपारी फ्लोरिडाच्या ली काउंटीत, कायो कोस्टा बेटावर ते जमिनीला लागलं, कॅटेगरी ४, ताशी १५० मैलांचा वारा. फोर्ट मायर्स बीचवर समुद्राचं पाणी जमिनीपासून दहा ते पंधरा फूट चढलं, सॅनिबेल बेटाला जोडणारा कॉजवे ठिकठिकाणी तुटला. म्हणजे धंद्यावर परिणाम झाला का हा प्रश्नच नाही, किती झाला आणि कधीपर्यंत राहिला एवढंच काढायचंय.

पहिलं काम: कॅलेंडर उघडा

एक्सेल नंतर. अमेरिकेत नोकऱ्यांचे आकडे ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स काढतं, सगळे बीएलएसच म्हणतात. त्यांच्या मोजणीत महिन्याची १२ तारीख म्हणजे सगळं काही. कंपन्यांकडून जो पेरोलचा, म्हणजे पगारावर किती माणसं आहेत त्याचा, आकडा येतो तो १२ तारीख ज्या पगाराच्या काळात येते त्या काळाचा, आणि घरोघरी विचारून जो बेरोजगारीचा सर्व्हे होतो तो सहसा १२ तारीख असलेल्या रविवार ते शनिवार या आठवड्याचा. (फ्लोरिडाचा स्टेट कोडही १२च आहे, तो योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा पडतो.)

आता इयान आलं २८ सप्टेंबरला. सप्टेंबरची मोजणी त्याच्या सोळा दिवस आधीच झालेली, म्हणजे सप्टेंबरच्या आकड्यात इयान नाहीच, आणि पुढची मोजणी १२ ऑक्टोबरची, तोवर दोन आठवडे उलटलेले, वीज बऱ्याच ठिकाणी परत आलेली, जे हॉटेल चार दिवस बंद होतं ते उघडलेलं. तेव्हा महिन्याच्या आकड्यात तुम्हाला दिसतं ते दोन आठवड्यांनंतरही शिल्लक राहिलेलं नुकसान, पहिला तडाखा त्यात कधीच सापडणार नाही. मी पहिल्या वेळी सप्टेंबर घेऊन बसले होते आणि दोन दिवस फॉर्म्युला चुकलाय असं समजून तोच तपासत होते!

याच्या उलट २०१७ चं इर्मा बघा. ते १० सप्टेंबरला फ्लोरिडा कीजवर आलं, तो रविवार होता, म्हणजे सर्व्हेच्या आठवड्याचा अगदी पहिला दिवस. त्याआधी २५ ऑगस्टला हार्वी टेक्ससमध्ये येऊन गेलेलंच. त्या सप्टेंबरात देशातल्या नोकऱ्या किती वाढल्या-घटल्या याचा पहिला आकडा आला उणे ३३,०००, त्यात एकट्या रेस्टॉरंट आणि बारच्या धंद्यात १,०५,००० नोकऱ्या कमी, आणि गंमत म्हणजे त्याच रिपोर्टमध्ये बेरोजगारीचा दर खाली, ४.२ टक्के. लोक गोंधळले. पण यात चूक काही नव्हती, दोन सर्व्हेंची व्याख्याच वेगळी आहे. कंपन्यांच्या सर्व्हेत त्या पगाराच्या काळात एक तास जरी पगार मिळाला तरी माणूस नोकरीत धरला जातो, काहीच मिळालं नाही तर तो मोजलाच जात नाही. घरोघरीच्या सर्व्हेत मात्र नोकरी आहे पण हवामानामुळे कामावर जाता आलं नाही असं सांगितलं की पगार मिळो न मिळो तो माणूस नोकरीतच, आणि असे लोक त्या आठवड्यात सुमारे १५ लाख होते. वेटरला दर आठवड्याला पगार, आठवडाभर हॉटेल बंद, गेला आकड्यातून. ऑफिसमधल्या माणसाला महिन्याचा पगार, घरी बसला तरी आकड्यात. म्हणून रेस्टॉरंटचा आकडा पडलेला दिसतो तेव्हा त्यातला काही भाग नुकसानाचा असतो आणि काही भाग पगार कसा मिळतो त्याचा.

आणि ते उणे ३३,००० पुढच्याच महिन्यात सुधारून अधिक १८,००० झालं. त्यामुळे पहिल्या आकड्यावर प्रोजेक्ट उभा करू नका, आणि कुठल्या तारखेला डाउनलोड केलं ते फाइलच्या नावातच लिहून ठेवा.

दुसरं: फटका बसला म्हणजे नक्की काय बसलं

इथे सगळे कॅटेगरी उचलतात. पण कॅटेगरी फक्त वाऱ्याच्या वेगावरून ठरते, पाऊस किंवा समुद्राचं पाणी त्यात येत नाही. हार्वी ह्यूस्टनवर होतं तेव्हा ते हरिकेन राहिलेलंही नव्हतं, वारा कधीच मंदावलेला, आणि तरी टेक्ससमधल्या नेदरलँड गावात एकूण ६० इंचांवर पाऊस नोंदला गेला. वाऱ्याचा वेग हेच माप धरलंत तर तुमच्या टेबलात ह्यूस्टनला फारसं काही झालेलंच नाही असं दिसेल.

वादळाचा मार्ग आणि वारा यासाठी नॅशनल हरिकेन सेंटरचा डेटा आणि प्रत्येक वादळावरचा त्यांचा रिपोर्ट घ्या, पाणी किती चढलं तेही त्यात असतं. कुठल्या काउंटीला सरकारी मदत जाहीर झाली ते फेमाच्या (केंद्राचं आपत्ती खातं) यादीत मिळतं, पण ती यादी एकटी वापरू नका, मदत जाहीर होणं हा शेवटी सरकारी निर्णय असतो, त्यात किरकोळ फटका बसलेल्या काउंट्याही येतात. आणि एक तिसरा गट नेहमी विसरला जातो, तो म्हणजे जिथे वादळ आलंच नाही पण गाव रिकामं करायला सांगितलं होतं. इयान आधी टँपाकडे जाईल असं वाटत होतं, लोक निघाले, दुकानांना प्लायवूड ठोकलं गेलं आणि वादळ खाली दक्षिणेला वळलं, टँपा बेमधलं पाणी उलट ओसरलं. चार-पाच दिवसांचा धंदा मात्र तिथेही बुडालाच. अशा काउंट्यांना तुमच्या शीटमध्ये वेगळा रकाना द्या.

तिसरं: फाइल कुठली

काउंटीच्या पातळीवर भरवशाची एकच आहे, बीएलएसची क्यूसीईडब्ल्यू. कंपन्या बेरोजगारी विम्याचा टॅक्स भरतात त्या कागदांवरून ती बनते, म्हणून तो सर्व्हे नाही तर जवळजवळ पूर्ण मोजदाद आहे, देशातल्या ९५ टक्क्यांहून जास्त नोकऱ्या त्यात येतात. फाइल तिमाहीची, पण नोकऱ्या तिन्ही महिन्यांच्या वेगळ्या दिलेल्या असतात, पगार मात्र अख्ख्या तिमाहीचा एकच. म्हणजे लीसाठी तिसऱ्या तिमाहीच्या पगारात इयाननंतरचे दोन-तीन दिवसच येतात, खरी गोष्ट चौथ्या तिमाहीत. तोटा एवढाच की ही फाइल यायला पाचेक महिने लागतात.

सरकारी फाइलींत प्रत्येक काउंटीला एक कोड असतो, सुरुवातीला राज्याचा आकडा, लीचा कोड १२०७१. फ्लोरिडात हा त्रास नाही, पण अलाबामाचे कोड ०१ ने सुरू होतात आणि एक्सेल ते पुढचं शून्य खाऊन टाकतं, मग दोन फाइली जुळत नाहीत, तेव्हा तो कॉलम उघडतानाच टेक्स्ट करून घ्या.

पाच महिने थांबायला वेळ नसेल तर महिन्याचे मेट्रोचे (म्हणजे शहर आणि त्याच्या भोवतालचा भाग) आकडे आहेत, आणि लीच्या बाबतीत नशीब चांगलं आहे, केप कोरल–फोर्ट मायर्स हा मेट्रो म्हणजे बरोबर ली काउंटीच, कमी नाही जास्त नाही. पण तो सर्व्हे आहे, सॅम्पल लहान, आणि वर्षातून एकदा तो क्यूसीईडब्ल्यूशी जुळवून बदलला जातो. आज तुम्ही २०२२ चा आकडा उतरवलात तर तो तेव्हा छापून आलेला आकडा नसतो.

सगळ्यात लवकर हलतात ते दर आठवड्याचे बेरोजगारी भत्त्याचे अर्ज, दर गुरुवारी येतात. हार्वीनंतरच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात देशभरातले नवे अर्ज ६२,००० नी वाढून २,९८,००० झाले होते. फक्त अर्ज कमी आले म्हणजे नोकऱ्या टिकल्या असं समजू नका, वीज नाही, इंटरनेट नाही, माणूस बहिणीकडे जॉर्जियात जाऊन राहिलाय, तो अर्ज कुठून करणार. पहिल्या दोन आठवड्यांच्या अर्जांवर माझा तरी विश्वास नाही.

आणि काउंटीचा बेरोजगारीचा दर? तो मी शक्यतो वापरतच नाही. लोकच गाव सोडून गेले तर भाजक आणि भाज्य दोन्ही कमी होतात, दर सुधारलेलाही दिसू शकतो. न्यू ऑर्लिन्सची लोकसंख्या २००० मध्ये ४,८४,६७४ होती, २०१० मध्ये ३,४३,८२९, यातली मोठी घट २००५ च्या कॅटरिनानंतरची. अशा शहरात दर किती टक्के होता याला काय अर्थ राहतो, नोकऱ्यांची संख्या बघा. कॅटरिनानंतरच्या पहिल्या दहा महिन्यांत शहरात सरासरी ९५,००० च्या आसपास नोकऱ्या कमी होत्या, हा क्यूसीईडब्ल्यूवरूनच काढलेला आकडा आहे.

चौथं, आणि इथेच बहुतेक प्रोजेक्ट बुडतात: तुलना कशाशी

वादळाआधी आणि वादळानंतर अशी वजाबाकी करून चालत नाही. लीमध्ये हिवाळ्यात उत्तरेकडचे म्हातारे-कोतारे राहायला येतात, त्यांना इथे स्नोबर्ड म्हणतात, त्यामुळे ऑक्टोबरपासून हॉटेल-रेस्टॉरंटमधल्या नोकऱ्या तशाही वाढायलाच लागतात. समजा इयान आलं आणि नोकऱ्या तेवढ्याच राहिल्या, तर कागदावर नुकसान शून्य, पण ज्या वाढायला हव्या होत्या त्या वाढल्या नाहीत हेच तर नुकसान. म्हणून ऑक्टोबरची तुलना आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरशी. पण आदलं वर्ष २०२१, कोविडमधून सावरण्याचं, म्हणजे तेही सरळ नाही.

यावर उपाय म्हणजे दुसरी अशी काउंटी शोधायची जिला वादळ लागलं नाही पण बाकी चाल लीसारखी आहे, आणि दोघींमधला फरक वादळाआधी किती होता, नंतर किती झाला ते बघायचं. याला डिफरन्स-इन-डिफरन्सेस म्हणतात, नाव भारी आहे, काम दोन वजाबाक्यांचं. नुसतं समजायला मनाचे आकडे घेऊ. ऑक्टोबर २०२१ मध्ये दोन्हीकडे हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये १०० माणसं होती असं धरा. ऑक्टोबर २०२२ मध्ये लीत ९४ आणि दुसरीकडे १०५. लीची स्वतःची घट ६, पण वादळ नसतं तर तीही १०५ वर गेली असती असं मानलं तर फटका ११ चा. जवळजवळ दुप्पट.

सगळा खेळ ती दुसरी काउंटी कोणती यावर. शेजारच्या शार्लट आणि कॉलियर चालणार नाहीत, त्यांनाही इयान लागलं. व्होलुशिया दूर आहे, पूर्व किनाऱ्यावर, पण इयान राज्य आडवं ओलांडून गेलं आणि तिथेही पूर आला. एका मुलाने ओकालूसा घेतली होती, तिथे डेस्टिनचा बीच आहे, टुरिस्ट धंदा आहे, वादळही नाही, वरवर एकदम बरोबर, पण तिथला सीझन उन्हाळ्याचा! ऑक्टोबरमध्ये तिथल्या नोकऱ्या उतरतात तेव्हा लीमधल्या चढायच्या असतात. मी असते तर पाम बीच आणि मार्टिन घेतल्या असत्या, हिवाळ्याचा सीझन, स्नोबर्ड, साधारण तसाच धंदा. त्यातही १० नोव्हेंबर २०२२ ला निकोल पूर्व किनाऱ्यावर आलं, कॅटेगरी १, त्यामुळे तिथला नोव्हेंबरचा आकडा जरा जपूनच.

काउंटी निवडली की मागच्या चार-पाच वर्षांचा ग्राफ काढा, दोन्ही रेषा वादळाआधी एकमेकींच्या सोबत चालतायत का ते डोळ्यांनी बघा. नसतील चालत तर ती काउंटी टाका, सॉफ्टवेअर उत्तर देईलच, ते कशालाही उत्तर देतं. आणि एकदा खोटं वादळ घालून बघा, म्हणजे तारीख सप्टेंबर २०१९ अशी टाकून तेच गणित चालवायचं. तिथेही मोठा फटका निघाला तर तुमच्या पद्धतीतच घोळ आहे.

शेजारच्या काउंट्यांचं अजून एक. तिथली रेस्टॉरंट आणि भाड्याची घरं वादळानंतर कधीकधी भरभरून चालतात कारण उखडलेले लोक आणि कामगार तिथेच राहायला जातात, उलट कामाच्या शोधात माणसं तिकडे वळली की पगार दबतात. फ्लोरिडाच्या वादळांवरच्या एका जुन्या अभ्यासात हेच निघालं होतं, ज्या काउंटीला थेट लागलं तिथे नोकऱ्या कमी पण उरलेल्यांची कमाई जास्त, आणि शेजाऱ्यांची कमाई खाली.

पाचवं: एकूण आकड्याच्या आत बघा

एकूण नोकऱ्या फारशा हलल्या नाहीत याचा अर्थ काही झालं नाही असा नाही. रेस्टॉरंटमधून शंभर गेल्या, छप्परवाल्यांकडे शंभर आल्या, बेरीज शून्य. पण वेट्रेसच्या हातात दुसऱ्या दिवशी हातोडा येत नाही, छपराची कामं करायला बाहेरगावच्या टोळ्या येतात. म्हणून धंद्याच्या कोडप्रमाणे वेगळं करा, ७२ म्हणजे हॉटेल आणि खाणावळी, २३ बांधकाम, ५६२ कचरा आणि ढिगारा उचलणारे, ४४४ बांधकामाचं सामान विकणारे. एवढे चार काढलेत तरी चित्र उघडतं.

सरासरी पगार वाढलेला दिसला तर लगेच आनंद नको. कमी पगाराचे लोक यादीतून बाहेर पडले की उरलेल्यांची सरासरी आपोआप चढते, कुणालाही एक डॉलर जास्त न मिळता. हॉटेलच्या खोल्या फुल असणं हेही तसंच, त्यात नुकसान तपासायला आलेले इन्शुरन्सचे अॅडजस्टर, विजेच्या तारा जोडायला आलेले आणि घर गेलेली कुटुंबं असतात, पर्यटक नव्हे. विक्रीच्या टॅक्सचे आकडे फ्लोरिडा काउंटीप्रमाणे देतं, ते घ्या, पण वादळाच्या आदल्या आठवड्यात पाणी, प्लायवूड आणि जनरेटरसाठी जी झुंबड उडते ती त्यात असते आणि नंतर फ्रीज-सोफे नवीन घेतलेलेही.

बारीक कोडांवर गेलात की काही रकाने रिकामे किंवा शून्य दिसतील, शेजारी एन लिहिलेलं. ते शून्य नाही! एक-दोनच कंपन्या असतील तर त्यांची माहिती उघड होऊ नये म्हणून लपवलेलं असतं. शून्य धरून बेरीज केलीत तर अख्खं हॉटेल तुम्हीच वाहून न्याल.

धंदे बंद पडले ते कसे मोजायचे

हे नोकऱ्यांपेक्षा खूप अवघड. क्यूसीईडब्ल्यूत जागांची संख्या असते, म्हणजे एका मालकाची सहा दुकानं असतील तर साधारण सहा, मालक एकच. आणि बंद पडलेला धंदा यादीतून लगेच जात नाही, कागद भरला नाही तर मागच्या आकड्यावरून अंदाज घातला जातो. कॅटरिनानंतर ही नेहमीची पद्धत बुडालेल्या भागासाठी बीएलएसला बदलावी लागली होती, कारण उत्तर न देणारा चालू आहे असं मानणं तिथे वेडेपणाचं होतं.

मग मुलांना राज्याच्या कंपनी नोंदणीची साइट सापडते आणि ती खूश होतात, सप्टेंबरच्या शेवटी हजारो कंपन्या बंद! थांबा. फ्लोरिडात वार्षिक रिपोर्ट १ मेपर्यंत भरायचा असतो, जे भरत नाहीत त्यांची नोंदणी राज्य सप्टेंबरच्या चौथ्या शुक्रवारी एकदम रद्द करतं. २०२२ मध्ये तो शुक्रवार होता २३ सप्टेंबर, इयानच्या पाच दिवस आधी. महिन्याप्रमाणे ग्राफ काढला की इयाननेच हजारो कंपन्या मारल्या असं दिसतं, आणि प्रोफेसर फ्लोरिडातले नसतील तर त्यांच्याही लक्षात येत नाही.

लहान उद्योगांना आपत्तीनंतर एसबीए (स्मॉल बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन, केंद्राचं लहान उद्योगांचं खातं) कर्ज देतं, त्याची फाइल पिनकोडसकट मिळते, तपासून धरलेलं नुकसान आणि मंजूर रक्कम दोन्ही. चांगली आहे, पण त्यात अर्ज केलेलेच येतात, ज्याने वैतागून शटर कायमचं खाली ओढलं तो अर्ज करत नाही. शेवटी मी काय सुचवते, तर एक रस्ता निवडा, वादळाआधीची त्यावरच्या दुकानांची यादी करा, पन्नास-साठ पुरे, आणि सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षांनी प्रत्येकाला फोन लावा. गूगल मॅपवर चालू दिसतं त्यातलं बरंच चालू नसतं. कंटाळवाणं काम आहे, पण याच्याइतकं खरं दुसरं काही मिळत नाही.

जे कुठेच दिसत नाहीत

पेरोलवर नसलेला माणूस वरच्या जवळजवळ कुठल्याच फाइलीत नाही. स्वतःची बोट घेऊन मासेमारीला नेणारा गाइड, घरं साफ करणारी बाई, एअरबीएनबीवर खोली देणारा. यांच्यासाठी केंद्राची वेगळी आपत्ती बेरोजगारी मदत असते, आपत्ती जाहीर झाल्यापासून २६ आठवड्यांपर्यंत, आणि तिचे अर्ज हा या लोकांचा अंधुक का होईना पण एक माग आहे. सेन्ससची नोकर नसलेल्या धंद्यांची वार्षिक आकडेवारीही आहे, ती मात्र फार उशिरा येते.

श्रीवर्धनच्या एका मुलीने मला विचारलं होतं की ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाला हे सगळं लावता येईल का. वजाबाकीची पद्धत लागेल, पण पेरोलची फाइल घेऊन तिथे काय करणार, तिथे गेल्या त्या नारळी-पोफळीच्या बागा, आणि पोफळ नवी लावली की सुपारी हातात यायला पाच-सहा वर्षं तरी जातात. बागायतदार त्या वर्षांत बेरोजगार म्हणून कुठेच मोजला जात नाही, तो रोज बागेत जातोच. तिला म्हटलं, वाडीतली झाडं मोज, आधी किती होती, नंतर किती उभी, दरवर्षी किती फळाला आली.

लिहिताना

एकच आकडा देऊन मोकळं होऊ नका. महिन्याप्रमाणे टेबल द्या, लीचा आकडा, वादळ नसतं तर अंदाजे किती असता तो आकडा, आणि दोन्हीतला फरक. सगळ्या महिन्यांचे फरक मिळवले की नोकरी-महिने मिळतात, म्हणजे हजार लोक दहा महिने घरी बसले तर दहा हजार. लोकांना हा आकडा पटकन कळतो, आणि चार दिवस बंद राहिलेलं हॉटेल व दोन वर्षं बंद राहिलेलं हॉटेल यांतला फरकही त्यात उतरतो.

त्याच काळात दुसरं काय घडत होतं तेही टेबलाखाली लिहा. ऑक्टोबर २०२४ चा देशाचा पहिला आकडा फक्त अधिक १२,००० आला, आदल्या महिन्यात हेलीन, ९ ऑक्टोबरला मिल्टन, त्यामुळे सगळे वादळ-वादळ करत होते, पण बोइंगचा संपही त्याच महिन्यात चालू होता आणि संपावरचे कामगारही पेरोलमधून गायब झालेले. दोन्ही वेगळं केल्याशिवाय वादळाच्या नावावर किती टाकायचं ते ठरत नाही. लीमध्ये संप नव्हता, पण कोविड होता, घरांच्या किमती होत्या, व्याजदर चढत होते, तेव्हा बांधकामात शंभरामागे ४ चा फरक आला तर तो सगळा इयानचा आहे असं मी तरी लिहिणार नाही, पाम बीच आणि मार्टिन दोन्हींशी वेगवेगळी तुलना करून जे दोन आकडे येतील ते दोन्ही छापा, २ ते ५ असं आलं तर २ ते ५च लिहा.